मुंबईत गीझर कधी लावावा?

मुंबईच्या थंडीत खोली गरम करण्याची वेळ सहसा येत नाही. विजेच्या बिलात भर पडते ती आंघोळीच्या पाण्यामुळे. म्हणून डिसेंबर उजाडला की गीझरचे बटण दाबण्याआधी नळाखाली हात धरून पाहावा. गच्चीवरच्या टाकीतील पाणी दिवसभर उन्हात तापलेले असते, त्यामुळे संध्याकाळी आंघोळ करणाऱ्याला बहुधा गीझरची गरजच भासत नाही. पहाटे मात्र तेच पाणी अंगावर काटा आणते.

15 लिटरच्या टाकीतील पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत नेण्यास सुमारे 0.6 युनिट वीज लागते आणि 2000 वॅटच्या गीझरला त्यासाठी साधारण वीस मिनिटे पुरतात. या कढत पाण्यात 20 लिटर गार पाणी मिसळल्यास सुमारे 40 अंशांचे 35 लिटर पाणी, म्हणजे दोघांच्या बादल्या भरतात. तेव्हा आंघोळीआधी वीस मिनिटे गीझर लावावा, लाल दिवा विझताच बटण बंद करावे आणि घरातील मंडळींनी पाठोपाठ आंघोळी उरकाव्यात, कारण गीझर चालू ठेवला की टाकीतून निसटणारी उष्णता भरून काढण्यासाठी तो अधूनमधून वीज खातच राहतो. (आमच्याकडे ही शिस्त रविवारी हमखास मोडते.)

वापर 100 किंवा 300 युनिटांच्या टप्प्याजवळ असेल, तर ही काटकसर अधिक मोलाची ठरते, कारण पुढच्या प्रत्येक युनिटाचा दर चढा असतो. पाइप गॅसवरील गीझर बंदिस्त न्हाणीघरात बसवू नये. गॅस जळताना निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.