बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय: आधी उघड्यावरची विमानं

गोव्यात दाबोळी विमानतळाला लागून, बोगमाळो किनाऱ्याच्या रस्त्यावर हे संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं. दीड-दोन तास हाताशी ठेवा आणि सकाळी दार उघडताच पोहोचा. विमानं उघड्यावर उभी आहेत; दुपारी अॅल्युमिनियमचा पत्रा इतका तापतो की हात लागला तर चटका बसतो. म्हणून आधी बाहेरची विमानं, ऊन चढलं की आतली दालनं.

सी हॅरिअर या लढाऊ जेट विमानापाशी घाई नको. कुशीला इंजिनाचा झोत सोडणाऱ्या चार तोट्या दिसतील: पुढच्या दोन थंड हवेच्या, मागच्या दोन तप्त वायूच्या. त्या खाली वळवल्या की विमान सरळ खाली उतरतं. नंतर सी हॉक या जुन्या लढाऊ जेटच्या शेपटीखाली धुराडं शोधा. सापडणार नाही; एकच इंजिन, पण झोत दुभागून पंखांच्या मुळाशी दोन्हीकडे बाहेर पडतो. शेपटीखालचा हुक मात्र पाहाच. जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या डेकवर तोच आडव्या तारेत अडकून विमान थांबायचं.

सुपर कॉन्स्टेलेशन हे टेहळणीचं मोठं विमान सुमारे ३५ मीटर लांब आहे. जवळून फोटो काढला की नाक किंवा तिहेरी शेपटी कापली जाते, तेव्हा चांगलं मागे सरका. धावपट्टीकडे मात्र कॅमेरा नको, शेजारी नौदलाचा तळ आहे.

लहान मुलांचा हात धरा. पंखांच्या कडा आणि पुढे आलेल्या बारीक नळ्या नेमक्या डोक्याच्या उंचीवर येतात. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा.