ऑफ-रोड बाइकची देखभाल: धुण्यापासून सॅगपर्यंत

मातीत चालणाऱ्या बाइकची सर्व्हिस किलोमीटरवर नाही, इंजिनच्या तासांवर मोजतात. पहिल्या गिअरमध्ये चिखलाचा चढ चढताना अंतर फारसं कापलं जात नाही, इंजिन मात्र पूर्ण जोर लावत असतं. म्हणून राइड संपली की लगेच बाइककडे बघायची सवय लावून घ्या. कंपनीचं मॅन्युअल हाताशी असू द्या. इथले आकडे सर्वसाधारण आहेत, तुमच्या मॉडेलचे त्यातच सापडतील.

आधी धुवा

इंजिन थंड होऊ द्या आणि सायलेन्सरच्या तोंडाला बूच लावा. प्रेशर वॉशरची धार चाकांच्या आणि स्टिअरिंगच्या बेअरिंगवर थेट मारू नका, सीलमधून पाणी आत शिरून ग्रीस धुऊन जातं. हाताने पुसत गेलात तर सैल बोल्ट आणि बारीक तडे आपोआप सापडतात.

एअर फिल्टर

एक वेळ बाकी सगळं पुढे ढकला, हे नको. आत गेलेली धूळ पिस्टन आणि सिलिंडर घासून टाकते. फोम काढल्यावर इंजिनकडे जाणाऱ्या नळीत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला धूळ लागली, तर फिल्टर नीट बसलेला नव्हता किंवा त्याला तेल कमी पडलं होतं, असं समजा.

फोम फिल्टर क्लीनरमध्ये धुवा, पेट्रोलमध्ये नाही. पेट्रोलने जोडाचा गोंद सुटतो आणि आगीचा धोकाही असतो. मग साबणाच्या पाण्यातून काढा. कपड्यासारखा पीळ देऊ नका, नुसता दाबून पाणी काढा, नाहीतर जोड फाटतो. पूर्ण वाळल्यावर फिल्टर ऑइल सगळीकडे सारखा रंग दिसेपर्यंत मुरवा. इंजिन ऑइल इथे चालत नाही, ते खाली ओघळून जातं. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवा. तेल लावलेला दुसरा फिल्टर पिशवीत तयार ठेवला, तर कंटाळ्यापोटी हे काम टळत नाही.

चेन सैल दिसलीच पाहिजे

रस्त्यावरच्या बाइकची सवय असलेले इथे हमखास चेन जास्त ताणतात. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. या बाइकचं सस्पेन्शन खूप खाली-वर होतं, त्यामुळे स्टँडवर घट्ट वाटणारी चेन उडी मारून उतरताना तटतटते. मग चेन तरी तुटते, नाहीतर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग जातं. बऱ्याच मॉडेल्सना स्टँडवर साधारण 35 ते 50 मिमी ढील लागते. ती कुठे मोजायची, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

इंजिन बंद ठेवूनच काम करा. अ‍ॅक्सलचा नट सैल करा, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा आणि मागून चेनच्या रेषेत डोळा लावून चाक सरळ आहे ना ते पाहा. मग चेन आणि मागचं स्प्रॉकेट यांच्यामध्ये चिंधीची घडी ठेवून चाक उलटं फिरवा. अ‍ॅक्सल अ‍ॅडजस्टरला घट्ट टेकेल. तसाच धरून टॉर्क रेंचने नट कसा. स्प्रॉकेटचे दात हुकसारखे वाकले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला.

स्पोक

पान्याने एकेका स्पोकवर टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर सैल. एका वेळी पाव फेराच कसा. नव्या चाकाचे स्पोक पहिल्या काही राइडमध्ये प्रत्येक राइडनंतर तपासा.

सॅग

माझ्या मते बाइक वळणावर ऐकत नसेल, तर महागडे पार्ट घेण्याआधी सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं, ते मोजावं. मागचं चाक हवेत असताना अ‍ॅक्सलपासून सरळ वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या. मग हेल्मेट-बुटांसह पूर्ण गिअर घालून बाइकवर बसा आणि दुसऱ्याला पुन्हा मोजायला सांगा. मोठ्या मोटोक्रॉस बाइकला हा फरक साधारण 100 ते 105 मिमी असावा. फरक जास्त आला तर स्प्रिंगचा प्रीलोड (तिला आधीच दिलेला दाब) वाढवा, कमी आला तर प्रीलोड कमी करा.

आता खाली उतरून बाइक स्वतःच्या वजनाने किती बसते ते बघा. 30 ते 40 मिमी ठीक. बसल्यावरचा आकडा बरोबर असूनही बाइक एकटी जेमतेम बसत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. उलट वाटतं खरं, पण मऊ स्प्रिंग आकड्यावर आणण्यासाठी तिला आधीच खूप दाबावं लागतं, आणि ती मागचा भाग वर ढकलून धरते.

निघण्यापूर्वी

टायरमधली हवा थंड असताना बघा, ट्यूब असेल तर बहुतेक ठिकाणी 12 ते 15 पीएसआय पुरते. ब्रेक पॅडची जाडी आणि क्लच लिव्हरचा प्ले (मोकळी हालचाल) तपासा. शेवटी बाइक न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आयडलिंग चढलं तर थ्रॉटलची केबल कुठेतरी ताणली जातेय. ती मोकळी केल्याशिवाय निघू नका.