माहिती अधिकारात ‘का’ नको, कागद मागा

‘आमच्या वाडीचा रस्ता वर्षभरात का उखडला?’ असा अर्ज ग्रामपंचायतीत दिलात तर उत्तर टाळणं सोपं जातं. माहितीच्या अधिकारात मिळते ती दप्तरात असलेली नोंद, खुलासा नव्हे. म्हणून कागदाचं नाव घेऊनच मागा: अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, ठेकेदाराची बिलं, आणि कालावधी तारखांसह. मोजमाप पुस्तिका तर सोडूच नका. खडीचा थर किती जाडीचा दाखवलाय ते तिथंच कळतं.

महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ नमुन्यात, एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लिहायचा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडा. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही. कुणी विचारलं तरी दबू नका.

आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कार्यालयाला उत्तर द्यायला असलेली 30 दिवसांची मुदत त्यावरूनच सिद्ध होते. मुदत उलटली की पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.