ज्वालामुखीच्या गॅस मॉनिटरिंगमध्ये यायचंय? आधी वारा बघायला शिका

पुण्यात जिओलॉजी करून मी मास्टर्सला सिसिलीत आले. आपण सह्याद्रीच्या कधीच्या थंड झालेल्या बेसॉल्टवर वाढलेली माणसं, त्यामुळे वुल्कानो बेटावर ला फोस्सा या ज्वालामुखी विवराच्या काठावर पिवळ्याधमक गंधकाच्या खड्यांमधून वाफ फुसफुसत येताना बघितली तेव्हा हातातलं काम विसरून तशीच उभी राहिले.

आमचा मल्टीगॅस म्हणजे एक पेटी, आत पंप नळीतून हवा ओढतो, सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडला इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर, कार्बन डायऑक्साइडला इन्फ्रारेड. पण साध्या हवेतच 420 पीपीएमच्या (दहा लाखात 420 भाग) आसपास कार्बन डायऑक्साइड असतो, तो वजा करावा लागतो, म्हणून आधी वारा येतोय त्या बाजूला जाऊन स्वच्छ हवेत मशीन थोडा वेळ चालवायचंच, कितीही घाई असली तरी. आणि हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर सल्फर डायऑक्साइडलाही थोडा रिस्पॉन्स देतो, ते करेक्शन लॅबमध्येच काढून ठेवा.

खरं महत्त्व रेशोला. कार्बन डायऑक्साइड मॅग्मातून खूप खोलवरच सुटायला लागतो, सल्फर बराच वर आल्यावर, म्हणून कार्बन डायऑक्साइडचा सल्फरशी रेशो अचानक वाढला की खालून ताजा मॅग्मा येत असू शकतो. मला एकदा असा रेशो दिसला आणि छातीत धडधडायला लागलं, मग नळी हातात घेतली तर आत पाण्याचे थेंब, सल्फर डायऑक्साइड त्यातच विरघळत होता. तेव्हापासून मी प्रत्येक रीडिंगआधी नळी उजेडात धरून बघते.

लांबून सल्फर डायऑक्साइड मोजायला डोआस नावाचं यंत्र, ते आकाशातल्या अल्ट्राव्हायोलेट उजेडावर चालतं म्हणून रात्री बंद. दिवसाला किती टन गॅस निघतो हे त्यात वाऱ्याच्या वेगाने गुणून काढतात, म्हणून वेग 30 टक्के चुकला की टनही 30 टक्के चुकले!

आणि आकडा उतरला म्हणजे डोंगर शांत झाला असं कधीच धरू नका. फिलिपीन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीला 1991 मध्ये 13 मेला दिवसाला 500 टन सल्फर डायऑक्साइड होता, 28 मेला 5000 च्या वर, मग जूनच्या सुरुवातीला एकदम खाली आला, वाट बुजल्यामुळे गॅस आत कोंडतोय असं तिथल्या टीमला वाटलं, आणि 15 जूनला महास्फोट झाला.

वुल्कानोवर 2021 मध्ये जमिनीतून इतका कार्बन डायऑक्साइड यायला लागला की बेटावरच्या पोर्तो या बंदराच्या वस्तीतल्या लोकांना रात्री घरी झोपायला बंदी होती. हा गॅस हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो, वास नाही. म्हणून खड्ड्यात वाकून सेन्सर ठेवायला एकटं जाऊ नका, सल्फरच्या गॅससाठी मास्क तोंडावर हवा, गळ्यात नाही (कार्बन डायऑक्साइड तो अडवत नाही), आणि वहीत प्रत्येक वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा.