सशीण व्यायला आली? घरट्याच्या बाबतीत या चुका टाळा

सशीण गाभण आहे असं कळलं की लोक त्याच आठवड्यात खोका आणतात, त्यात मऊमऊ काहीतरी भरतात आणि दिवसातून दहा वेळा डोकावतात. हौस समजते मला. पण घरटं तिचं ती करते. आपण फक्त योग्य सामान योग्य वेळी तिच्यासमोर ठेवायचं असतं. एवढं साधं काम चुकतं आणि त्याच त्या कारणांनी पिल्लं जातात, याचा मला मनापासून राग येतो.

खोका फार लवकर ठेवणे

मादी साधारण 31 दिवसांनी व्याते. 28 ते 32 दिवस धरून चला. नर-मादी एकत्र आल्याची तारीख लिहून ठेवा आणि खोका 27-28व्या दिवशी आत सरकवा. दोन आठवडे आधी ठेवलात तर ती त्यात लघवी करायला लागते आणि पिल्लं ओल्या, वास मारणाऱ्या गवतात जन्मतात. तिचा लघवीचा कोपरा ठरलेला असतो. खोका त्याच्या विरुद्ध बाजूला हवा.

उपटलेले केस झाडून टाकणे

व्यायच्या काही तास किंवा एखाद-दोन दिवस आधी मादी गळ्याखालचे आणि पोटाचे केस तोंडाने उपटते. पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात आणि स्वतःची ऊब राखणं त्यांना जमत नाही. हे केस म्हणजे त्यांचं पांघरूण. शिवाय केस निघाल्याने सड मोकळे होतात.

ओळखीतल्या एका घरी मादीने संध्याकाळी केस उपटायला सुरुवात केली. पिंजराभर पुंजके बघून घरच्यांना वाटलं, कातडीचा आजार झाला. त्यांनी सगळे केस कचऱ्यात टाकले, तोंडाने ओढून तिने रचलेलं गवतही बदललं, पिंजरा लख्ख केला. रात्री ती व्याली. सकाळी मी पोहोचले तेव्हा पिल्लं जाळीवर विखुरलेली होती, हाताला गारढोण. मांजर पिल्लाला तोंडात धरून जागेवर आणते, सशीण तसं करत नाही. घरट्याबाहेर राहिलेलं पिल्लू बाहेरच राहतं. हलत होती तेवढी मी कपड्याच्या आत अंगाशी धरली. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, दूध नंतर. मग मादीच्या पोटावरचे केस हलकेच ओढले. त्या दिवसांत ते सैल झालेले असतात, चिमटीत सहज येतात. ते खोक्यात अंथरले. निम्मी वाचली. बाकीचीही वाचली असती, केवळ त्या संध्याकाळी कुणी झाडू हातात घेतला नसता तर.

प्रत्येक विणीतले उरलेले स्वच्छ, कोरडे केस मी कागदी पिशवीत जपून ठेवते. पहिलटकरीण मादी कधीकधी अगदी थोडे केस काढते, तेव्हा ते कामी येतात.

तारीख लिहिण्याचा आणखी एक फायदा. 16-18 दिवसांच्या आसपासच ती गवत गोळा करून केस उपटू लागली, तर बहुधा ते खोटं गाभणपण असतं. घाबरू नका आणि तिला ओरडूही नका, काही दिवसांत ती शांत होते.

कापूस आणि चिंध्या

मऊ म्हणून कापूस घालू नका. त्याचे तंतू पिल्लांच्या पायांना गुंडाळतात, आवळतात, आणि पाय सुजेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. चिंध्यांचे दोरेही तसेच. तळाला लाकडाच्या पातळ साली घाला, उग्र वासाच्या नकोत आणि बारीक भुसाही नको. वर कोरडं गवत दाबून भरा. शिवाय एक मोठा ढीग खोक्याबाहेर ठेवा. दोन्ही बाजूंनी मिशांसारखं लोंबणारं गवत तोंडात धरून ती फेऱ्या मारायला लागली की समजा, वेळ जवळ आली. त्यानंतर तिने केलेली रचना “नीट” करायला जाऊ नका.

बाकीच्या

खोका ऐसपैस नको. तिला आत वळता आलं की पुरे, मोठ्या जागेत पिल्लं पांगतात आणि गारठतात. तोंडाशी साधारण 15 सेंटिमीटरचा उंबरा ठेवा. सडाला लटकलेलं पिल्लू त्याला अडून आतच पडतं.

“हात लावला की आई पिल्लं टाकते” या भीतीने काही जण आठवडाभर बघतच नाहीत आणि मेलेलं पिल्लू बाकीच्यांत कुजत राहतं. तळहात तिच्या गवतावर चोळा आणि दिवसातून एकदा बघा. पोट गोल, ताणलेलं असेल तर दूध मिळतंय. ती दिवसातून एक-दोनदाच आणि काही मिनिटंच पाजते. दिसत नाही म्हणून गाईचं दूध पाजायची घाई करू नका.

नर आधीच वेगळा करा. व्याल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते, आणि अंगावर पिल्लं असताना तिच्यावर तो भार घालणं मला मुळीच मान्य नाही.

शेवटच्या दिवसांत तिने खाणं सोडलं, बराच वेळ कळा देऊनही पिल्लू बाहेर आलं नाही, किंवा 32 दिवस उलटून गेले, तर ओळखीच्यांना विचारत बसू नका. थेट पशुवैद्याकडे न्या.