घोडीला बाहेरगावचं वीर्य मागवताय? तयारी डिसेंबरपासूनच

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत एखादा देखणा मारवाडी घोडा पाहिला की आपल्या घोडीलाही असंच शिंगरू व्हावं असं वाटतं. घोडा राजस्थानात असला तरी आता वीर्य मागवून कृत्रिम रेतन करता येतं. (शर्यतीच्या थरोब्रेड जातीला मात्र हा मार्ग बंद, तशा शिंगराची नोंदणीच होत नाही.)

फेब्रुवारी-मार्चमध्ये घोडी फळवायची असेल तर डिसेंबरपासून तबेल्यात संध्याकाळी दिवा लावा. नैसर्गिक उजेड धरून रोज १६ तास प्रकाश हवा. या वाढीव उजेडाने माज नियमित व्हायला साधारण दोन महिने लागतात. फासळ्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, एवढं अंग असू द्या. जंतनाशक, दात, धनुर्वाताची लस हे याच काळात उरकून घ्या. घोडी वयस्क असेल किंवा मागच्या हंगामात फळली नसेल, तर संसर्ग नाही ना, यासाठी गर्भाशयातला नमुना तपासल्याशिवाय वीर्याचे पैसे भरू नका. घोड्याचा ग्लँडर्स (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) तपासणीचा अहवालही मागा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वीर्य घाईने मागवल्यामुळे. माज ५ ते ७ दिवस टिकतो आणि बीजांड सुटतं अगदी शेवटी. म्हणून माज दिसला की पशुवैद्यकांकडून दिवसाआड सोनोग्राफी करून घ्या. बीजांड ज्यात वाढतं तो फुगा (फॉलिकल) ३५ मि.मी.च्या आसपास आला आणि गर्भाशयाला सूज दिसली, की वीर्य मागवायचं. एचसीजीचं (बीजांड सुटायला लावणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन दिल्यावर बहुतेक घोड्यांत दीड-दोन दिवसांत बीजांड सुटतं. त्याची वेळ वीर्य पोहोचण्याच्या वेळेशी जुळवणं पशुवैद्यकांचं काम, पण वाहतुकीला किती तास लागतात हे त्यांना आधी तुम्ही सांगायला हवं.

थंड वीर्य ५ अंशांवर येतं आणि २४ तासांत वापरलेलं उत्तम. डबा आला की उघडून पाहू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, उन्हात गाडीत तर मुळीच नको. पशुवैद्यक एक थेंब ३७ अंशांवर कोमट करून शुक्राणूंची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. ती बघण्याचा आग्रह धरा. गोठवलेलं वीर्य असेल तर बीजांड सुटल्यापासून सहा तासांच्या आत रेतन व्हावं लागतं, म्हणजे रात्रीही तपासणी आली. रात्री येणारे पशुवैद्यक जवळ नसतील, तर थंड वीर्यच बरं.

रेतनानंतर दुसऱ्या दिवशी गर्भाशयात पाणी साचलंय का ते बघून घ्या. साचलं असेल तर ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पाववणारं औषध) द्यावं लागतं किंवा गर्भाशय धुवावं लागतं. पुढची सोनोग्राफी बीजांड सुटल्यापासून १४-१५व्या दिवशी, आणि ती टाळू नका. घोडीला जुळं सहसा झेपत नाही, गाभ पडतो. १६व्या दिवसापर्यंत गर्भ गर्भाशयात फिरत असतात, तोवर एक दाबून काढणं सोपं जातं. त्यानंतर ते एका जागी बसतात आणि दोन्ही शेजारी बसले तर वेगळे करणं अवघड होतं.