पेज उघडत नाहीये? राउटरला शिव्या घालण्याआधी एक्स्टेन्शन्स बघा

मागच्या महिन्यात मामांचा फोन, "अरे नेट फार स्लो झालंय, प्लॅन बदलू का?" जाऊन बघतो तर त्याच वायफायवर मोबाइल झकास चाललाय आणि लॅपटॉपवर साधं बातम्यांचं पेज मारुतीच्या शेपटीसारखं लांबतंय. क्रोम उघडलं तर 16 एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम! निम्मी कधी टाकली ते त्यांनाच आठवेना.

होतं काय, की टाकताना आपण "सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचणे आणि बदलणे" याला न वाचता हो म्हणतो, मग ते एक्स्टेन्शन प्रत्येक पेजमध्ये आपली स्क्रिप्ट, म्हणजे कोडचा तुकडा, घुसवतं, तुम्हाला तिथे त्याचं काम असो वा नसो. डार्क मोडवालं सगळे रंग बदलत बसतं, ग्रामरवालं प्रत्येक बॉक्सपाशी टपून बसतं, आणि पेजची स्वतःची कामं मागे रांगेत. अॅड ब्लॉकरचं मात्र उलटं आहे, जाहिराती डाउनलोडच होत नाहीत म्हणून पेज बऱ्याचदा लवकर उघडतं, पण दोन-दोन ब्लॉकर ठेवले की तीच तपासणी डबल.

आधी कंट्रोल शिफ्ट एन दाबून इन्कॉग्निटो, म्हणजे क्रोमची खाजगी विंडो, उघडा. तिथे एक्स्टेन्शन्स मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तेच पेज दोनदा लोड करा, कारण पहिल्यांदा कॅशे, म्हणजे ब्राउझरने पेजच्या फाइल्स साठवून ठेवायची जागा, रिकामी असते, मग हळू वाटणारच. दुसऱ्यांदा पटकन आलं म्हणजे चोर घरातलाच. फायरफॉक्सवाल्यांनी हेल्पमधला ट्रबलशूट मोड वापरा.

आता चोर कोणता? शिफ्ट एस्केप दाबलं की क्रोमचा टास्क मॅनेजर येतो, पण त्याच्यावर फार विसंबू नका, तिथे एक्स्टेन्शनचं बॅकग्राउंडचं काम दिसतं, पेजमध्ये घुसवलेल्या स्क्रिप्टचा भार त्या टॅबच्याच नावावर पडतो. त्यापेक्षा सरळ तीन टिंबं, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स, आणि निम्मी बंद करा. फरक पडला तर चोर त्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत, परत निम्मी करा. 16 असली तरी चार फेऱ्यांत सापडतो, दोन चोर निघाले तर थोडं जास्त. दरवेळी टॅब रिलोड करायला विसरू नका हां, उघड्या टॅबमध्ये जुनी स्क्रिप्ट तशीच राहते आणि आपण उगाच म्हणतो काही फरकच नाही. मी स्वतः दोनदा फसलोय यात.

जे लागतंच ते काढायची गरज नाही. डिटेल्समध्ये जाऊन साइट अॅक्सेस "ऑन क्लिक" करा, म्हणजे आयकॉनवर क्लिक केल्यावरच जागं होईल. मामांचं भाषांतरवालं तसंच ठेवलंय.

त्यांच्याकडचा चोर निघाला कूपन शोधणारं एक्स्टेन्शन, शॉपिंगची साइट असो वा रेल्वेचं टाइमटेबल, सगळीकडे हजर. ते काढताना मामांचा चेहरा पडला, "अरे, पण त्याने एकदा माझे 40 रुपये वाचवले होते रे."